तान्ह्या पोळ्याच्या तारखेची सही

चौतीस वर्षं मी पोरांना अप, आउट, ऑफ आणि अवे शिकवलं. इंग्रजीचा मास्तर म्हटलं की लोकांना वाटतं, हा घरी बायकोशीसुद्धा इंग्रजीतच भांडत असेल. तसं काही नाही. माझी बायको सातवी शिकलेली आहे आणि भांडणात ती मला कोणत्याच भाषेत वाक्य पूर्ण करू देत नाही. मी राहणारा भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा. नोकरी पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या पुढं एका गावच्या हायस्कुलात. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथं अजून चांगली माणसं काम करतात.

संपादक फोनवर म्हणाले, "सर, गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना जरा हसू द्या." दोनचार गमती आहेत, त्या आधी देतो. पुढचं हसण्यासारखं नाही. छापायचं तर सगळं छापा, नाही तर पानं परत पाठवा.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा आधी समजावून सांगतो. इंग्रजीत क्रियापदाच्या मागं एक बारकासा शब्द लागला की ते क्रियापद वेगळंच वागायला लागतं. 'गिव्ह' म्हणजे देणं, पण 'गिव्ह अप' म्हणजे हात टेकणं. 'लुक' म्हणजे पाहणं, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. पोरं कावून जातात. मी त्यांना म्हणायचो, अरे, तुम्ही रोज हेच करता. 'जेवण करून टाकलं' म्हणता, तेव्हा काय टाकता? 'जाऊन राहिलो' म्हणता, मग जाता की राहता? पोरं हसायची आणि काम सोपं व्हायचं. इंग्रज माणूस व्याकरणाचे मोठे शब्द कमी वापरतो. उठताना, बसताना, शिव्या देताना त्याच्या तोंडात हीच बारकी जोडकामं असतात. ती आली तर इंग्रजी आलं, नाही तर आयुष्यभर अर्जाचं इंग्रजी लिहीत बसा.

गाइडमध्ये 'टेक ऑफ'चं वाक्य ठरलेलं: विमान उडालं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक पोट्टा उभा राहून म्हणाला, "सर, इमान आमच्या वावरावरून जाते जी. पण ते उडते कुठून, हे कोनाले मालूम?" बरोबर बोलला. मीही शाळेत असताना तेच वाक्य घोकलं होतं, आणि माझा बाप सडकेवर गिट्टी फोडत होता. त्या दिवसापासून मी नियम केला. गाइडचं वाक्य चालणार नाही. रोज पाच फ्रेजल व्हर्ब, आणि प्रत्येकाचं वाक्य आपल्या घरातलं. काल घरी खरंच जे झालं ते लिहायचं, व्हर्बखाली पट्टीनं रेघ मारायची. त्या वहीला पोरं 'घरची वही' म्हणायची.

काय काय यायचं त्यात! एकानं लिहिलं, आमची म्हैस ब्रेक डाउन झाली. मी म्हटलं, "अबे, म्हैस नाही बिघडत, मोटर बिघडते." तर म्हणतो, "दूध बंद झालं ना जी तिचं!" अर्धा मार्क दिला. एकदा एक पालक वही घेऊन थेट वर्गात शिरले. पोरानं लिहिलं होतं, माझा बाप सासुरवाडीला गेला की शोज ऑफ. म्हणजे शायनिंग मारतो. त्यांनी ते पवनीला कोणाकडून तरी वाचून घेतलेलं. "मास्तर, तुमी पोट्ट्यायले घरच्या भानगडी लिवाले लावता काय?" मी समजूत काढली, चहा पाजला. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं रंगवून सांगत आलो. एक सांगायचं मात्र टाळलं. त्या वाक्यावर माझी टिकमार्क होती, आणि ते वाक्य मला त्या बापानं दाखवलं तेव्हाच कळलं.

हे कसं, तेही सांगतो. आठवी, नववी, दहावी मिळून माझ्याकडं दोनशेच्या आसपास वह्या. प्रत्येकीत रोजची पाच वाक्यं. कोण वाचणार? मी फक्त रेघ मारलेला शब्द पाहायचो. व्हर्ब बरोबर, मागचा बारका शब्द बरोबर, काळ बरोबर, टिक. वाक्यात कोण आहे, त्याला काय झालं, हे डोळ्यांपुढून जायचं पण डोक्यात शिरायचं नाही. आणि तेही रोज नाही. खरं बोलायचं तर वह्या आम्ही तपासणीच्या आधी तपासायचो.

तपासणीची वर्दी आली की मुख्याध्यापक शिपायाकरवी सांगून पाठवायचे, "वह्या पूर्ण करून घ्या." पूर्ण करणं म्हणजे काय, ते प्रत्येक मास्तराला माहीत असतं. स्टाफरूममध्ये गठ्ठे मांडायचे, समोर कॅलेंडर उघडायचं, आणि जूनपासूनच्या पानांवर मागच्या तारखा टाकत सह्या करत सुटायचं. मी तर दोन वेगळे लाल पेन ठेवायचो, म्हणजे शाई सारखी दिसायला नको. रविवार गाळायचे, लाल छापलेल्या सुट्ट्या गाळायच्या. एका दुपारी चार महिने उरकायचे. याला आम्ही कधी खोटं म्हटलं नाही. सगळेच करत होतो. अधिकारी वरच्या पाच वह्या चाळायचे, "छान" म्हणायचे आणि पोहे खायचे.

आता प्रणालीचं सांगतो. नाव बदललेलं आहे.

नववीत होती. बाप राईस मिलमध्ये हमाल, आई रोवणीला, निंदणाला मजुरीनं जाणारी, आणि तिसरीतली एक धाकटी बहीण, तिला सगळे छकुली म्हणायचे. प्रणाली दुसऱ्या बाकावर बसायची. बोलायची कमी, अक्षर टपोरं, आणि घरची वही कधी चुकली नाही. अशा विद्यार्थ्याला मास्तर सर्वात आधी विसरतो, कारण त्याचा त्रास नसतो. एकदा तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली.

"सर, माही वही वाचली काय जी?"

"सही दिसत नाही काय तुला?" मी म्हणालो. मला दुसऱ्या तासाला जायचं होतं.

"दिसते जी," म्हणाली आणि गेली.

त्या वर्षी तपासणी दसऱ्यानंतर झाली. दसरा झाल्यावर, तपासणीच्या दोन दिवस आधी, मी सह्यांची ती दुपार उरकली. प्रणालीची वही माझ्या हातातून गेली, सह्या झाल्या, दोन ठिकाणी मी 'गुड' असंही लिहिलं. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यात तिची आई मेली. डोक्याला मार होता. बाप म्हणाला, पायरीवरून घसरली. प्रणालीनं सांगितलं, बापानं मारलं, मी पाहिलं. सानगडीचा मामा आला, त्यानं फिर्याद दिली, आणि दोन्ही पोरींना घेऊन गेला. बापाला अटक झाली, काही महिन्यांनी जामीन मिळाला. पोरी मामाकडंच राहिल्या. पोलिसांनी प्रणालीच्या दप्तरातली घरची वही जप्त केली.

मला हे कळलं तेव्हा मी हादरलो. पण वहीत काय आहे हे मी तेव्हाही कोणाला विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही, हेच खरं.

खटला उभा राहायला चार वर्षं लागली. भंडाऱ्याच्या कोर्टातून समन्स आलं तेव्हा माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते. सरकारी वकील बाई होत्या, हुशार. त्यांनी मला आधी समजावलं. "सर, शेजारी फितूर झाले. घसरली असेल म्हणतात. राहिली फक्त पोरीची साक्ष, आणि ती मामानं पढवली असं ते म्हणणार. ही वही आईच्या मृत्यूच्या आधीची आहे, एवढं तुम्ही सांगितलं की पढवण्याचा मुद्दा पडतो. बाप सुटला तर धाकटी त्याच्याकडं जाईल, हे ध्यानात ठेवा. सह्या तुमच्याच ना? तारखा बरोबर ना?"

मी "हो" म्हणालो.

खरं काय होतं? सह्या माझ्या, तारखा खोट्या, पण सगळ्या सह्या दसऱ्यानंतरच्या, म्हणजे आई जिवंत असतानाच्या. एवढं सरळ सांगितलं असतं तरी पोरीचं काम झालं असतं. पण आदल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बसवून घेतलं होतं. "एका दुपारी सह्या केल्या असं कोर्टात बोलाल तर सगळ्या शाळेचं निघेल, सर. तुमचं तर निघेलच. जाता जाता कायले लचांड घेता?" मला ते पटलं. वरून मी स्वतःला असंही समजावलं की जूनपासूनच्या तारखा असल्या तर पोरीचीच बाजू भक्कम दिसेल. माणूस आपल्या भित्रेपणाला दुसऱ्याच्या भल्याचं नाव किती लवकर देतो, पाहा.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ घेतली. मागच्या बाकावर मामा आणि प्रणाली बसले होते. तिची साक्ष आधीच झालेली. बापही होता, पांढरा शर्ट घालून, हात जोडून. सरकारी वकील बाईंना मी सांगितलं, वही तपासली, वाचली, त्या त्या दिवशी सही केली. मग आरोपीचे वकील उठले. वयस्कर गृहस्थ, आवाज लोण्यासारखा.

"सर, मी मराठी शाळेचा. मला इंग्रजी तेवढं जमत नाही. हे पान कोर्टाला वाचून दाखवा आणि अर्थ सांगा."

मी वाचलं. "माय फादर कम्स होम अँड टेक्स इट आउट ऑन माय मदर." माझा बाप घरी येतो आणि सारा राग माझ्या मायवर काढतो. "यस्टरडे शी पास्ड आउट निअर द चूल." काल माय चुलीजवळ बेशुद्ध पडली. "वी पुट अप विथ इट." आम्ही सहन करतो. "आय वॉन्ट टू रन अवे, बट हू विल लुक आफ्टर माय सिस्टर?" मला पळून जायचं आहे, पण माझ्या बहिणीला कोण सांभाळेल?

त्या पानाच्या खाली माझ्या अक्षरात 'गुड' होतं.

चार वर्षांनी मी ती वाक्यं पहिल्यांदा वाचली. पहिल्यांदा. एकही चूक नव्हती हो त्यात. सगळ्या रेघा पट्टीनं मारलेल्या. मी वर्गात ओरडून सांगायचो, खरं लिहा, घरातलं लिहा, आणि दोनशे पोरांतल्या एका पोरीनं ते मनापासून ऐकलं होतं.

"हे तुम्ही तेव्हा वाचलं?" वकिलांनी विचारलं.

"वाचलं."

"मग काय केलं? मुख्याध्यापकांना सांगितलं? पोलिसांना? तिच्या घरी गेलात? आईला भेटलात?"

"नाही."

"चौतीस वर्षांचे अनुभवी शिक्षक तुम्ही. पोरीनं असं लिहिलं, तुम्ही वाचलं, आणि 'गुड' लिहिलं. म्हणजे तुम्हालाही हे खरं वाटलं नाही. भाषेचा सराव वाटला. असंच ना?"

मी गप्प. काय बोलणार? न वाचल्याचं कबूल करावं तर आधीचं खोटं पडतं. वाचलं म्हणावं तर मी माणसात जमा नाही. त्यांनी माझं गप्प बसणं लिहून घ्यायला लावलं. मग त्याच पानावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"या तारखेला सही केली?"

"हो."

"शाळेत बसून?"

"हो."

"सर," ते अगदी हळू म्हणाले, "हा तान्हा पोळा होता. तुमची शाळा तान्ह्या पोळ्याला भरते?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात लहान लेकरं लाकडाचे नंदीबैल सजवून दारोदार नेतात, तो तान्हा पोळा. त्या दिवशी आमच्याकडं स्थानिक सुट्टी असते. पण माझ्या समोरचं कॅलेंडर पुण्या-मुंबईकडं छापलेलं. त्यात तो दिवस काळाच होता. माझ्या स्वतःच्या नातवाचा बैल मी त्या दिवशी हातानं रंगवला होता, आणि सही ठोकताना ते आठवलं नाही. वकिलांनी शाळेचा हजेरीपट मागवून ठेवलाच होता. ते पान उघडून त्यांनी न्यायाधीशांपुढं ठेवलं.

तेव्हा मी बोललो. सगळं बोललो. तारखा खोट्या आहेत साहेब, पण सह्या दसऱ्यानंतरच्या आहेत, एका दुपारच्या, तिची माय तेव्हा जिवंत होती. वकील हसलेसुद्धा नाहीत. "सकाळी एक सांगितलं, आता दुसरं. दुपारी जेवून आल्यावर तिसरं सांगाल. साक्षीदार सोयीप्रमाणे बोलतो, एवढंच माझं म्हणणं." सरकारी वकील बाईंनी फेरतपासणीत बरंच सावरायचा प्रयत्न केला. पण फुटलेलं मडकं कितीही लिंपलं तरी पाणी धरत नाही. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथं खोटं माझं आणि गोटा पोरीच्या कपाळी.

बाहेर व्हरांड्यात मामा भेटला. मला वाटलं, कॉलर धरेल. धरायला पाहिजे होती. तो म्हणाला, "सर, दुरून आले तुमी. चाय घ्या." प्रणाली भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्याकडं पाहत नव्हती. मी चहा घेतला नाही. एसटीत बसून शहापूरला आलो आणि बायकोला सांगितलं, डोकं दुखते.

दोन महिन्यांनी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन बाप सुटला. निकालात वहीबद्दल दोनच ओळी होत्या: शिक्षकाची साक्ष विश्वासार्ह नाही, सबब वही विचारात घेता येत नाही. कोर्टाला मी दोष देत नाही. मी न्यायाधीश असतो तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता. प्रणाली अठराची झालेली, तिच्यावर बापाचा जोर चालला नाही. छकुली बारा वर्षांची. बाप दोन माणसं आणि निकालाची प्रत घेऊन सानगडीला गेला आणि तिला घेऊन आला. बाप म्हणून हक्क त्याचाच होता.

माझं मात्र काही बिघडलं नाही. कोणी चौकशी लावली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप झाला. भाषणात कोणीतरी 'घरच्या वही'चं कौतुकही केलं. मी खाली मान घालून बसलो, तर लोकांना वाटलं सर भावुक झाले.

निरोपानंतर कितीतरी दिवस जाऊ की नको करत राहिलो. शेवटी मागच्या महिन्यात सानगडीला गेलो. बाजाराचा दिवस होता, मामा बाजारात गेलेला. प्रणाली आता साकोलीला नर्सिंगच्या कोर्सला जाते. त्या दिवशी घरीच होती. "या जी सर," म्हणाली, खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. मी पाठ करून नेलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "मी चुकलो, बेटा. मी तुझी वही वाचलीच नव्हती."

"मले मालूम होतं जी," ती म्हणाली. "तवाच मालूम होतं. मंग कोर्टात वाचली म्हून कायले सांगतलं? नाही वाचली म्हणाले असते तं काय झालं असतं? न वाचणारे मास्तर साऱ्यायलेच मालूम आहेत. जजसायबाले बी मालूम असन."

रागानं नाही बोलली. हिशेबातली चूक दाखवावी तसं बोलली. मी ग्लासातलं पाणी संपवून विचारलं, "छकुली कितवीला आहे?"

"शाळा सोडवली तिची. सैपाक तीच करते. बाप पिऊन येते रोज."

माझ्या तोंडाची सवय पाहा. इतकं होऊनही मी म्हणालो, "तिला सांग, काही झालं तर लिहून ठेव म्हणावं, तारीख टाकून..."

प्रणालीनं मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं.

"मी तिले सांगून ठेवलं हाय जी. काही झालं तं लिहत नको बसू. चप्पल बी नको पाहू. भेटन ते गाडी पकड अन् सानगडीले ये." ती उठली, माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला. "मामा रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन पायते. आज बी बाजारातून तिकडूनच येईन."

"मग?" मी विचारलं. "आली का कधी?"

"नाही जी," ती म्हणाली. "अजून नाही आली."